कुत्र्यासाठी दार : रत्नागिरीच्या घरांपुरता एक आढावा

पाळलेल्या कुत्र्याला आपल्या इच्छेने आत-बाहेर करता यावे म्हणून घराच्या दारात किंवा भिंतीत स्वतंत्र झडप ठेवावी की नाही, ठेवावी तर कोठे, केवढी आणि कोणत्या प्रकारची, हा प्रश्न एका पिढीपूर्वी रत्नागिरीत कोणी विचारला असता असे वाटत नाही. कारण त्या काळी कुत्रा घराचा असला तरी त्याचा वावर घराबाहेरच असे. आज हा प्रश्न विचारला जातो आणि त्यामागे केवळ हौस नाही. मुले मुंबई-पुण्यास, घरात दोन वृद्ध माणसे आणि त्यांच्या सोबतीला एक कुत्रा, असे संसार नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, पावस या टापूत आता अपवादात्मक राहिलेले नाहीत. अशा घरात रात्री दोन वाजता कुत्रा दार खरवडू लागला की सत्तरी उलटलेल्या गृहस्थाने उठावे, दिवे गेले असल्यास विजेरी शोधावी, आडणा काढावा आणि आषाढातल्या शेवाळलेल्या पायरीवर उभे राहून तो परत येण्याची वाट पाहावी, ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटली, तरी त्या पायरीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची भीती क्षुल्लक नाही. तेव्हा या विषयात आजवर काय विचार झाला आहे, कोणते पक्ष आहेत आणि कशाचा निकाल लागावयाचा आहे, हे एकदा नीट मांडून पाहणे अवश्य आहे.

पूर्वपीठिका

कोकणातील जुन्या घराची रचना मुळातच हद्दींच्या क्रमाने झालेली असे. गडग्यातले बेडे ओलांडले की खळे, खळ्यातून पडवी, पडवीवरून ओटी, ओटीच्या आत माजघर आणि माजघराला लागून स्वयंपाकघर व देवघर. यांतील प्रत्येक टप्प्यावर कोणी कोठपर्यंत यावे हे ठरलेले होते, आणि कुत्र्याची हद्द पडवीपाशी संपत होती. त्याला भात तेथेच मिळे, पावसात तो तेथेच गोणपाटावर पडून राही आणि राखणीचे आपले कामही तो तेथूनच करी. या व्यवस्थेत कुत्र्याविषयी तुच्छताच होती असे सरसकट म्हणता येणार नाही; सोवळे-ओवळे, अन्नाची शुचिता आणि गोचिडांचा उपद्रव या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होता, आणि म्हणूनच ज्या घरांतून सोवळे गेले तेथेही ही हद्द पुष्कळ काळ टिकून राहिली.

कुत्र्याला पवित्र जागेत प्रवेश असावा की नसावा, या वादाचे मूळ आपल्या वाङ्मयात फार मागे जाते. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी आलेल्या, सरमा या देवांच्या कुत्रीच्या पुत्राला राजाचे भाऊ मारतात, तेव्हा सरमा तेथे येऊन जाब विचारते की, माझ्या मुलाने हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही, मग त्याला मारले का. आणि उत्तर न मिळाल्यामुळे ती शाप देऊन जाते. त्याच ग्रंथाच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला सांगतो की कुत्रे बाळगणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही, आणि युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. हद्द राखणाऱ्यांचा पक्ष आणि सोबत्याला दाराबाहेर न ठेवणाऱ्यांचा पक्ष, असे दोन्ही पक्ष एकाच ग्रंथात मांडलेले आहेत, ही गोष्ट आजच्या चर्चेत भाग घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

युरोपात दारालाच भोक पाडण्याची चाल जुनी आहे. पण ती आरंभी मांजरासाठी होती. इंग्लंडात एक्सेटर येथील कॅथीड्रलमध्ये घड्याळाच्या खोलीच्या दारात १५९८ च्या सुमारास पाडलेले वाटोळे भोक आजही पाहावयास मिळते; यंत्राला लावलेल्या चरबीच्या वंगणावर उंदीर येत, त्यांच्या बंदोबस्तासाठी मांजराला ही वाट करून दिली होती. न्यूटनने अशा दाराचा शोध लावला ही आख्यायिका मात्र समकालीन आधारावाचूनची आहे. उलट तो कुत्रे वा मांजर बाळगीत नसे, असेच त्याच्या लेखनिकाने लिहून ठेवले आहे. पुढे विसाव्या शतकात कारखान्यांतून तयार झडपा निघू लागल्या, त्या मुख्यतः थंड मुलखांतील घरांसाठी. त्यांच्या रचनेत आणि त्यांच्याविषयीच्या सर्व सल्ल्यात घरातली ऊब बाहेर जाऊ नये हा हेतू प्रधान असतो. आमच्याकडे खिडक्या वारा आत यावा म्हणून उघड्या ठेवतात. आमचा झगडा पावसाच्या झडीशी, खाऱ्या हवेशी आणि सरपटणाऱ्या जिवांशी आहे. त्यामुळे त्या मुलखांतील सल्ला जशाचा तसा उचलला, तर ज्या गुणासाठी जादा पैसे मोजावयाचे त्याचे येथे प्रयोजन उरत नाही, आणि ज्यांचे प्रयोजन आहे त्या गोष्टींची चौकशी करावयाची राहून जाते.

पक्ष

या प्रश्नावर स्थूलमानाने तीन मते ऐकावयास मिळतात.

पहिले मत असे की, दार नकोच. कुत्र्याने पडवीत राहावे, त्याला निवारा व अंथरूण चांगले द्यावे, आणि आत यावयाचे असल्यास माणसाने दार उघडून घ्यावे. घराला पाडलेले भोक हे सर्वांसाठीच भोक असते, ते केवळ कुत्र्यापुरते राहत नाही. या मतात अनुभवाचा भाग मोठा आहे, आणि जिल्ह्यात माकडे व वानर यांचा उपद्रव किती आहे हे ज्याला ठाऊक आहे तो ते सहज धुडकावून लावणार नाही. फळे दिसली की माकड झडप ढकलून आत येण्यास दोन दिवसांत शिकते. मात्र या मताच्या आश्रयाने कुत्रा दिवसचे दिवस साखळीला बांधून ठेवण्याची जी रीत पडते, ती कायद्यालाही संमत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने आखूड किंवा जड साखळीने जनावर गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, हे गुन्हे ठरविले आहेत. ज्यांना पडवीची व्यवस्था कायम ठेवावयाची आहे त्यांनी साखळीचा विचार वेगळा केला पाहिजे.

दुसरे मत साध्या झडपेचे. वर बिजागरी किंवा पट्टी, खाली लोंबणारी लवचीक अथवा कडक पाटी, कडेला लोहचुंबकाची पट्टी आणि आतून सरकविण्याची एक फळी, एवढाच तिचा सरंजाम. कुत्रा नाकाने ढकलून जातो आणि पाटी आपल्या वजनाने परत येते. शिकविण्यास ती सोपी: आरंभी पाटी वर बांधून मोकळ्या भोकातून भाकरीच्या तुकड्याचे आमिष दाखवून ये-जा करवावी, मग पाटी अर्धी सोडावी, मग पूर्ण, बहुतेक कुत्रे थोड्याच दिवसांत सरावतात. या मताच्या लोकांचा मुख्य मुद्दा कुत्र्याच्या सुखाचा आहे आणि तो खरा आहे. ज्याला लघवीसाठी दुसऱ्याच्या मर्जीवर तासन्‌तास थांबावे लागते त्याचे हाल, विशेषतः तो म्हातारा असल्यास, डोळ्यांनी पाहवत नाहीत. शिमग्यात पालखीच्या ढोलांनी किंवा दिवाळीत फटाक्यांनी बावरलेल्या कुत्र्याला घरात शिरावयास आपली वाट असणे ही तर त्याच्यावर मोठीच कृपा होय. मात्र त्याच वाटेने घाबरून बाहेर पळणारेही कुत्रे असतात, म्हणून त्या दिवसांत फळी लावून घेण्याची खबरदारी घ्यावी लागते.

तिसरे मत विजेवर चालणाऱ्या झडपेचे. गळ्यातल्या पट्ट्यावरील खूण, किंवा कातडीखाली बसविलेल्या चिपमधला पंधरा अंकी क्रमांक ओळखूनच ही झडप सुटते, म्हणून गावातले भटके कुत्रे, मांजरे व उदमांजर यांना मज्जाव होतो. चिप वाचणारे यंत्र अगदी जवळून वाचते. त्यामुळे ते मांजरे व लहान कुत्र्यांना सोयीचे पडते आणि मोठ्या कुत्र्यासाठी पट्ट्यावरची खूणच बरी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कितीदा जाते हे सांगावयास नको, तेव्हा बॅटरीवर चालणारेच यंत्र घ्यावे हे उघड आहे. पण खाऱ्या दमट हवेत त्यातील नाजूक भाग किती काळ तग धरतील आणि बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार, ही शंका हे मत मांडणाऱ्यांनी अजून पुरती दूर केलेली नाही.

जागा, माप आणि सामान

कोणत्याही पक्षाची झडप असो, ती कोठे बसवावी याचा विचार तिच्या जातीच्या आधी झाला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. रत्नागिरीचे वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिलिमीटरहून अधिक, आणि तो पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. पूर्वी पडवीला पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळ्यांच्या झापा बांधीत त्या याचसाठी. ज्या दारावर झड येते त्या दारात झडप बसविली तर कितीही भारी जातीची असली तरी ज्येष्ठ लागताच घरात पाणी येणार. म्हणून पूर्व वा उत्तर बाजूचे, पागोळ्यांच्या बरेच आत, पडवीत उघडणारे दार निवडावे. पुढचे दार बहुतेक कोणी कापू देत नाही आणि त्या उंबऱ्याविषयीची भावना लक्षात घेता ते योग्यच आहे. मागीलदार हेच या कामाचे.

दाराऐवजी भिंतीतून वाट काढावी असे काही गवंडी सुचवितात. जांभ्याचे चिरे खाणीतून काढताना मऊ असतात आणि हवा लागून कठीण होतात, पण मुळात दगड सच्छिद्र. त्यात भोक पाडून तसेच सोडल्यास ओल शिरते, कडा झिजतात आणि आत मुंग्या व विंचू घर करतात. शिवाय भिंत फूट-दीड फूट जाड असल्याने ती वाट बोगद्यासारखी होते, आणि दोन्ही टोकांना पाटी नसेल तर मधली जागा प्रत्येक सरपटणाऱ्या जिवाला आयता आसरा देते. भिंतीतच करावयाचे तर वर पाटईचा दगड किंवा काँक्रीटची पट्टी घालावी, आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा किंवा पत्र्याचे अस्तर द्यावे आणि तळ बाहेरच्या बाजूस किंचित उतरता ठेवावा.

दारातच करावयाचे तर दार कोणत्या जातीचे हे पाहावे. साग किंवा फणसाच्या भरीव फळ्यांचे जुने दार या कामास उत्तम. हल्लीचे पोकळ फ्लश दार कापले की आतील भुसा उघडा पडतो, आणि कापलेल्या कडांवर लाकडी पट्टी ठोकून रंग न दिल्यास पहिल्याच पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते. हे काम चैत्र-वैशाखात करावे, आणि त्या वेळी लाकूड आकसलेले असते हे ध्यानात घेऊन झडपेभोवती फुगवट्यापुरती फट सुताराकडून मुद्दाम ठेववून घ्यावी.

मापाविषयी फारसे मतभेद नाहीत. कुत्रा उभा असताना वरची कड त्याच्या खांद्याच्या दोन इंच वर, खालची कड छातीच्या रेषेखाली आणि रुंदी त्याच्या सर्वांत रुंद भागाहून दोन इंच अधिक, हा सर्वमान्य नियम आहे. पिल्लू असल्यास ते मोठे झाल्यावरचे माप धरावे, आणि लाकूड कापण्यापूर्वी पुठ्ठ्यात तेवढेच भोक पाडून त्यातून कुत्र्याला चालवून पाहावे. अडचण येते ती खालच्या कडेची. पाणी आत येऊ नये म्हणून ती उंच हवी, आणि संधिवाताने जखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पाय उचलवत नाही म्हणून ती सखल हवी. यावर बाहेरच्या अंगाला जांभ्याची एक बुटकी पायरी घालणे हा उपाय पुष्कळांनी केला आहे आणि तो चांगला आहे. लॅब्राडॉरसारख्या कुत्र्यासाठी लागणारे सुमारे अकरा इंच रुंद व सतरा इंच उंच भोक सडपातळ पोराला आत शिरण्यास पुरते, हे मात्र विसरू नये. निदान त्यातून हात घालून आतली कडी काढता येणार नाही इतके अंतर तरी राखावे. ज्या घरात रांगते मूल आणि मागे कठड्यावाचूनची विहीर आहे, तेथे ही चर्चाच करू नये.

सामानाच्या बाबतीत समुद्राचा वारा हाच खरा परीक्षक. नाचणे रस्त्यालगतच्या एका घराच्या मागीलदारी मी अशी एक झडप जवळून पाहिली. तयार आणलेल्या झडपेची लोखंडी सळई गंजून पाटी अडकू लागली, तेव्हा सुताराने ती काढून पितळी बिजागरी लावली होती आणि पाटीऐवजी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर दोन पदरी कापून, खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या शिवून ते भारदस्त केले होते. रबराच्या मध्यभागी, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, एक तुळतुळीत डाग पडलेला होता. वाऱ्याचा झोत आला की ती पाटी हलत असे, पण उघडी पडत नसे. स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी उन्हाने कडक होऊन चिरते, म्हणून हा देशी उपाय अनेक बाबतींत सरस म्हटला पाहिजे. धातू विकत घ्यावयाचाच तर पितळ, किंवा ३१६ जातीचे स्टेनलेस पोलाद घ्यावे. साध्या ३०४ जातीत नसलेले मॉलिब्डेनम त्यात असल्याने खारी हवा ते अधिक सोसते.

रात्रीचा बंदोबस्त

आतापर्यंतचे सर्व मुद्दे सोयीचे होते. यापुढचा मुद्दा प्राणाचा आहे, आणि रत्नागिरीत या प्रश्नाचा निर्णय बव्हंशी त्यावरच व्हावा असे मला वाटते.

कोकणात ज्याला सर्रास वाघ म्हणतात त्या बिबट्याचे आवडते भक्ष्य कुत्रा हे आहे, हे गावकऱ्यांना नेहमीच ठाऊक होते. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून २०१६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांहूनही तो अधिक. कुत्र्याचा पाठलाग करताना बिबट्या विहिरीत पडल्याच्या किंवा पडवीत, गोठ्यात शिरल्याच्या वार्ता आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत. म्हणजे रात्री पडवीत बांधलेला कुत्रा, ज्याला पळताही येत नाही, तो सर्वांत अधिक धोक्यात. झडपेतून रात्री मनाला येईल तेव्हा बाहेर जाणारा कुत्रा त्याच्या खालोखाल. आणि दिवेलागणीला आत घेऊन दार लावलेला कुत्राच काय तो सुरक्षित. पहिल्या व दुसऱ्या पक्षाने या एका गोष्टीवर आपापले म्हणणे सुधारून घेणे प्राप्त आहे.

दुसरी गोष्ट सापांची. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे, या ज्या चार सापांच्या विषावर आपल्याकडील प्रतिविष चालते ते चारही या जिल्ह्यात आहेत. फुरशांची वस्ती तर येथील कातळावर एवढी की ब्रिटिश अमदानीत ती मारण्यासाठी सरकारातून इनाम दिले जात असे. फुरसे व मण्यार दोन्ही रात्री हिंडणारे, आणि मण्यार तर घरात शिरून जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. अंगठा शिरेल एवढी फट लहान सापाला किंवा उंदराला पुरते, आणि उंदीर आला की त्याच्यामागे साप येतो. शिवाय उंदरांबरोबर येणारा लेप्टोचा ताप कोकणाला परका नाही. म्हणून झडपेच्या चुंबकाच्या पट्टीवर रात्री विसंबणे धोक्याचे होय. आतून घट्ट बसणारी फळीच हवी.

या दोन्ही कारणांसाठी मला एक मधला मार्ग सर्वांत ग्राह्य वाटतो. मागची पडवी बारीक जाळी व लोखंडी गजांनी बंद करून घ्यावी, घरातून पडवीत जाण्यासाठी झडप ठेवावी, पडवीच्या एका कोपऱ्यात रेतीचा किंवा मातीचा वाफा करून कुत्र्याला रात्रीची लघवी तेथेच करावयास शिकवावे, आणि पडवीचे बाहेरचे दार सूर्यास्ताला माणसाने लावावे. वृद्धांना उठावे लागत नाही, कुत्र्याला थांबावे लागत नाही, आणि रात्री घराबाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येत नाही. या शेवटच्या गोष्टीचा आणखी एक फायदा असा की, माजावर आलेल्या कुत्रीमागे जाणे, भटक्या कुत्र्यांशी मारामाऱ्या आणि त्यांतून पिसाळ रोगाचा संभव, हे सर्व टळते. लस दर वर्षी टोचून घ्यावयाचीच, पण कुत्रा रात्री कोठे होता हे घरच्यांना ठाऊक असणे हेदेखील तितकेच महत्त्वाचे आहे.

अनिर्णित मुद्दे

तरीही काही मुद्दे उरतातच. जाळीची पडवी करण्यास लागणारा खर्च झडपेच्या अनेक पट आहे, आणि तो न झेपणाऱ्या घरांना साधी झडप व रात्रीची फळी यांवरच भागवावे लागेल. पण फळी लावण्याचे काम स्मरणावर अवलंबून असते, आणि ज्यांच्यासाठी ही सोय करावयाची त्यांचेच स्मरण वयोमानाने कमी झालेले असते. ठरल्या वेळी आपोआप बंद होणाऱ्या विजेच्या झडपेचा पुरस्कार करणारे येथे जोर धरतात. त्यावर विरोधकांचा आक्षेप असा की, त्या वेळी कुत्रा बाहेर राहून गेला तर यंत्र त्यालाच बिबट्याच्या स्वाधीन करील. बाहेरून आत येता येते, पण आतून बाहेर जाता येत नाही, अशी एकेरी खिटी असलेल्या झडपा मिळतात, आणि या आक्षेपाला तेच उत्तर आहे असे काहींना वाटते. ते उत्तर मांजरासाठी पुरेसे आहे. मोठ्या कुत्र्यामागे तेवढ्याच आकाराचा बिबट्या आला तर ती खिटी त्याला अडवील, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

गणेशोत्सवाचा प्रश्न त्याहून सौम्य, पण घरोघर उद्भवणारा. माजघरात मूर्ती, चाकरमान्यांनी भरलेले घर आणि नैवेद्याची पाने मांडलेली असताना झडप उघडी ठेवणे कित्येक कुटुंबांना मान्य नसते, आणि वर्षभर घरात वावरलेल्या कुत्र्याला त्याच दिवसांत एकाएकी बाहेर कोंडणे दुसऱ्या कुटुंबांना पटत नाही. काहींनी यावर तोडगा म्हणून त्या दिवसांपुरता कुत्र्याचा मुक्काम ओटीवर हलविला आहे आणि त्याची सवय श्रावणापासून लावावयास घेतली आहे. सोवळे मानणाऱ्या घरांनाही तो तोडगा बहुतेक मानवला आहे. अडचण उरते ती ओटी नसलेल्या नव्या बंगल्यांची आणि माळनाक्याकडच्या सदनिकांची, जेथे दाराबाहेर थेट जिना येतो आणि झडपेला उघडावयास मुळात मोकळी जागाच नाही. तेथे कुत्र्याला वेळेवर खाली नेणारा माणूस, मग तो घरातला असो की पगारी, यावाचून दुसरी तजवीज आज तरी नाही.